मदत हवी आहे: धान्य बंद केलंय, रश्शात काय बुडवायचं?

फौंड्रीवाला
आज अकरावा दिवस. गहू, ज्वारी, तांदूळ सगळं बंद. पहिले चार दिवस जोशात गेले, आता डोकं फिरायला लागलंय. सकाळी सहाला घर सोडतो, कोल्हापूरजवळ शिरोलीत फर्स्ट शिफ्ट. काकडी-गाजर खाऊन भट्टीपुढं उभं राहता येत नाही. रविवारी मटण होतं, तर तांबडा-पांढरा वाटीनं प्यायलो. आई म्हणाली, "भाकरी मोडली नाहीस म्हणजे जेवलासच कुठं?" बायको रोज वेगळं करून वैतागलीय. डब्याचं काहीतरी झटपट सांगा. मनाचा निग्रह वगैरे नको.

तिखटाची_पुडी
ज्वारीची भाकरी खा की. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रोटीन, नसतं.

फौंड्रीवाला
ज्वारी बंद आहे असं वरच लिहिलंय. वाचा तरी.

मंडईतली_ताई
पण बंद कशासाठी? पोटाचा त्रास, वजन, शुगर? सिलिअ‍ॅकची, म्हणजे ग्लुटेननं आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची शंका असेल तर गहू सोडायच्या आधी रक्त तपासायचं असतं. सोडल्यावर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

फौंड्रीवाला
वजन. शुगर आहे थोडी.

एकादशी_दुप्पट
सोपं आहे, रोज उपवास समजायचा. साबुदाणा, वरी. मी चातुर्मास असाच काढतो.

मंडईतली_ताई
काका, वरी धान्यच आहे, उपवासाला चालते म्हणून धान्य नाही असं होत नाही. साबुदाणा कंदाचा, पण निव्वळ स्टार्च. शुगरवाल्याला खिचडी देऊन भात वाचवला काय आणि नाही काय!

एकादशी_दुप्पट
आमच्या पिढीला कुणाला शुगर नव्हती.

तिखटाची_पुडी
तपासत कोण होतं?

माहेर_कागल
भाऊ, पाटवड्या करा. एक वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. फोडणीत पाणी उकळलं की बेसन हळूहळू सोडायचं, गुठळी राहू द्यायची नाही. झाकण ठेवून दणदणीत वाफ, मग तेल लावलेल्या ताटात थापायचं, वर खोबरं-कोथिंबीर. रस्सा पातळच ठेवा आणि वडी जेवताना टाका, आधी टाकली की विरघळून पिठलं होतं. डब्याला मूगडाळ रात्री भिजवून धिरडी, सोबत दोन उकडलेली अंडी. राजगिऱ्याची भाकरी पण होते. उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, प्लास्टिकच्या कागदावर थापायची आणि कडा सुटेपर्यंत तव्यावर तिला हात लावायचा नाही. माझ्या पहिल्या तिन्ही मोडल्या.

पेठेतला_पुणेकर
बाहेर गेलात तर मिसळ खा, पाव सोडून.

तिखटाची_पुडी
कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, स्लाईस ब्रेड असतो. आधी हे शिका, मग सल्ले द्या.

पेठेतला_पुणेकर
तोही सोडायचाच आहे ना? आणि हिंगाच्या डबीत बऱ्याचदा कणीक असते हे कुणी सांगितलं का?

मंडईतली_ताई
ते सिलिअ‍ॅकवाल्यांनी बघायचं. इथं कुणी विचारलं नव्हतं. फौंड्रीवाले दादा, गोळी चालू आहे का? कुठली?

फौंड्रीवाला
ग्लिमेपिराईड-मेटफॉर्मिन, सकाळी एक. का?

मंडईतली_ताई
अकराच्या सुमारास हात थरथरतात का? घाम?

फौंड्रीवाला
थरथरतात. घामाचं काय, भट्टीपुढं सगळ्यांनाच येतो.

मंडईतली_ताई
ग्लिमेपिराईड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही भाकरी-भात काढलात, गोळी तेवढीच, म्हणजे साखर खाली जाणारच. डॉक्टरांना विचारून बंद केलंत का?

फौंड्रीवाला
नाही. व्हिडिओ बघून.

मंडईतली_ताई
उद्याच जा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण आहार बदललाय हे त्यांना कळू दे. थरथर झाली की लगेच ग्लुकोमीटर. ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. खिशात साखरेची पुडी ठेवा.

एकादशी_दुप्पट
गूळ ठेवा, गूळ. साखर विष आहे.

तिखटाची_पुडी
काका 🙏

फौंड्रीवाला
शेजारच्या लाईनवरच्या पोराचं मशीन घेऊन अकरा वाजता तपासलं. ६४. साखरपाणी घेतलं, पंधरा मिनिटांनी ९०. संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतलीय. एवढं आधी लिहायला पाहिजे होतं, पण मला वाटलं प्रश्न डब्याचा आहे.

माहेर_कागल
पाटवड्यांचं काय झालं?

फौंड्रीवाला
बायकोनं रात्रीच केल्या. आईनं दोन खाल्ल्या आणि विचारलं, "भाकरी कुठाय?"