एडिथ स्टाइन आणि हुसर्ल: वाचायला सुरुवात कुठून करावी?

पानवेडी
नमस्कार मंडळी. जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्लची तोंडओळख झाली आहे. जगाच्या अस्तित्वाबद्दलचा गृहीत विश्वास बाजूला ठेवून अनुभव जसा येतो तसा तपासायचा, इथपर्यंत समजतं. वाचताना एडिथ स्टाइन हे नाव सारखं भेटतं. त्याची विद्यार्थिनी, मग सहायक, पुढे कार्मेलाइट या कॅथलिक संघातली नन, १९४२ साली ऑशविट्झमध्ये मृत्यू. पण हाती लागतं ते बहुतेक संतचरित्र. मला तिचं आणि हुसर्लचं वैचारिक नातं समजून घ्यायचं आहे: तिने काय घेतलं, कुठे वेगळी वाट धरली. जर्मन येत नाही, इंग्रजी चालेल. रोज तासभर मिळतो, त्यामुळे दोन-तीनच पुस्तकं आणि त्यांचा क्रम सुचवा.

माळरान
डोळे झाकून तिचं आत्मचरित्र घ्या, 'लाइफ इन अ ज्यूइश फॅमिली'. ब्रेस्लाउमध्ये मानसशास्त्र शिकणारी ही मुलगी हुसर्लचं 'लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स' वाचून १९१३ मध्ये गॉटिंगेनला हुसर्लकडे शिकायला येते. पहिल्या भेटीत हुसर्ल विचारतो, माझं काही वाचलंय का? ती सांगते, दुसरा खंड संपूर्ण. तो हसून म्हणतो, हा तर पराक्रमच झाला! त्याच वर्षी त्याचं 'आयडियाज' आलं आणि त्याच्या विद्यार्थ्यांना धक्का बसला. वस्तूंकडे चला म्हणणारा गुरू आता सगळं जग जाणिवेवर टांगतोय, असं त्यांना वाटलं. हा वाद तिने आतून पाहिलेला आहे. राइनाख या तरुण अध्यापकाचं तिने केलेलं वर्णन तर फारच जिव्हाळ्याचं आहे. पुस्तक १९१६ च्या डॉक्टरेट परीक्षेशी थांबतं.

तिसरा_प्रहर
माळरान यांच्याशी जरा असहमत. आत्मचरित्र सुंदर आहे, पण जाड आहे आणि त्यातला बराच भाग कुटुंबाचा. पानवेडीताई, तुमचा प्रश्न वैचारिक नात्याचा आहे, तर थेट तिचा डॉक्टरेटचा प्रबंधच घ्या: 'ऑन द प्रॉब्लेम ऑफ एम्पथी'. छोटेखानी पुस्तक आहे. छापताना इतिहासाचा पहिला भाग गळला, त्यामुळे आरंभ एकदम मुद्द्यावर होतो.

विषय हुसर्लच्याच व्याख्यानातून निघाला. तो म्हणत होता की वस्तुनिष्ठ जग एकट्याच्या अनुभवातून उभं राहत नाही, त्याला अनेकांचा परस्पर अनुभव लागतो आणि त्यासाठी समानुभूती (एम्पथी, म्हणजे दुसऱ्याचा अनुभव आपल्याला जाणवणं) लागते. पण ही समानुभूती म्हणजे नेमकं काय, हे त्याने मांडलं नव्हतं. स्टाइनने ती रिकामी जागा धरली.

तिचं उदाहरण बघा. मित्र येऊन सांगतो की त्याचा भाऊ गेला, आणि मला त्याचं दुःख जाणवतं. हे जाणवणं कसलं? चेहऱ्याचा रंग दिसतो तसं दुःख दिसत नाही. मी तर्क करून काढलेलं अनुमानही ते नाही. आणि ते माझं दुःखही नाही. दुःख मूळ रूपात त्याचं आहे. माझ्याकडे मूळ आहे तो फक्त जाणवण्याचा अनुभव. याच मुद्द्यावर ती थिओडोर लिप्स या जर्मन तत्त्वज्ञाशी भांडते. लिप्सच्या मते दोरीवरच्या डोंबाऱ्याला पाहताना आपण त्याच्याशी एकरूप होतो. ती म्हणते, नाही, आपण त्याच्या सोबत असतो, तो होत नाही. हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पानवेडी
वा, प्रबंधच मागवते! आणखी एक विचारते. ती त्याची सहायक होती, तेव्हा प्रत्यक्षात काय काम करायची? आणि त्यांचं बिनसलं का?

गोधडी
यासाठी 'लेटर्स टू रोमन इनगार्डन' घ्या. इनगार्डन हा हुसर्लचाच पोलिश विद्यार्थी, तिचा मित्र. हुसर्ल लघुलिपीत लिहायचा, ढिगाने. ऑक्टोबर १९१६ पासून फ्रायबुर्गमध्ये ती कागद वाचून उतरवायची आणि त्यातून सलग मजकूर रचायची. शिवाय नव्या विद्यार्थ्यांसाठी ती चालवत असलेल्या वर्गाला ती तत्त्वज्ञानाचा बालवर्ग म्हणायची. 'आयडियाज'चा दुसरा खंड आणि काळाच्या जाणिवेवरची व्याख्यानं, दोन्हींत तिचा हात आहे. पण तिने तयार केलेली पानं हुसर्ल परत बघेना. त्याचं मन तोवर नव्या कागदावर गेलेलं असायचं. फेब्रुवारी १९१८ मध्ये तिने काम सोडलं. एखाद्या कार्याला मी वाहून घेऊ शकते, पण माणसाच्या हुकुमात राहणं जमणार नाही, असं तिने इनगार्डनला कळवलं. काळावरची व्याख्यानं १९२८ मध्ये तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरच्या नावाने संपादित होऊन आली. प्रस्तावनेत स्टाइनचा उल्लेख लघुलिपी उतरवून देणारी एवढाच. मला हे वाचताना दरवेळी चीड येते. 'आयडियाज'चा दुसरा खंड तर थेट १९५२ मध्ये छापला गेला.

माळरान
बिनसलं म्हणता येणार नाही, ताई. १९१९ मध्ये हुसर्लने शिफारसपत्रात लिहिलं की विद्यापीठात शिकवण्याचं दार स्त्रियांना उघडलं तर सर्वात आधी आणि मनापासून मी हिचंच नाव सुचवेन. त्या 'तर'मध्ये सगळं आलं. गॉटिंगेन विद्यापीठाने तिला बाई म्हणून ती संधी नाकारली.

तिची वेगळी वाट पाहायची असेल तर 'नॉलेज अँड फेथ' हा छोटा संग्रह घ्या. हुसर्लच्या सत्तरीनिमित्त १९२९ मध्ये तिने संवाद लिहिला: वाढदिवसाचे पाहुणे गेल्यावर हुसर्लच्या अभ्यासिकेत तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस येतो आणि दोघं बोलत बसतात. गौरवग्रंथाचं संपादन करणाऱ्या हायडेगरने संवाद नको, निबंध करा म्हटलं. संग्रहात दोन्ही रूपं शेजारी-शेजारी आहेत. थॉमसचा आक्षेप असा की तुमचं सगळं जाणिवेभोवती फिरतं, माझा आरंभ देवापासून. पण विचारातली काटेकोरी दोघांची सारखीच, हेही ती ठासून सांगते.

तिसरा_प्रहर
हो, हे मीही सुचवणार होतो. क्रम असा ठेवा: प्रबंध, मग पत्रं, मग हा संवाद. जमलं तर प्रबंधानंतर हुसर्लचं पाचवं 'कार्टेशियन मेडिटेशन' वाचा. दुसऱ्या माणसाचा प्रश्न तो स्वतः कसा सोडवतो ते तिथे दिसतं, आणि स्टाइनशी ताडून पाहता येतं. चरित्राच्या वाटेने तिचं तत्त्वज्ञान समजून घ्यायचं असेल, तर तत्त्वज्ञ अ‍ॅलसडेर मॅकिंटायरचं तिच्या १९१३ ते १९२२ या काळावरचं पुस्तक चांगलं आहे. पण ते नंतर.

पानवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रबंध आणि पत्रं आजच मागवली. दोरीवरच्या डोंबाऱ्यापर्यंत पोचले की इथेच प्रश्न घेऊन येईन.

गोधडी
जरूर या. मूळ आणि मूळ-नसलेल्या अनुभवाची पानं सावकाश वाचा, तिथेच बहुतेकांची गाडी अडते.