'स्विचिंग ॲम्प्लिफायर'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'कोरडा' आवाज म्हणजे कसा?

धरमपेठ_अनुवाद
घरगुती ॲम्प्लिफायरची माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे. दोन ठिकाणी अडलं. 'स्विचिंग ॲम्प्लिफायर'साठी 'खटका-विवर्धक' लिहिलं, तर तपासनिसांनी ते खोडून 'डिजिटल ॲम्प्लिफायर' केलं. पुढे वाक्य आहे की अशा ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्वी कोरडा वाटायचा, आता तसं राहिलं नाही. त्यावर शेरा: "खोकला कोरडा असतो, आवाज नाही. रुक्ष करा." काय ठेवू?

ओहमकर
'डिजिटल' आधी काढा. स्विचिंग ॲम्प्लिफायर म्हणजेच क्लास डी, आणि त्यातला डी डिजिटलचा नव्हे; ए, बी, सी संपले म्हणून डी. आत आलेला सिग्नल त्रिकोणी लहरीशी ताडून पाहतात आणि त्यातून कमीजास्त रुंदीचे पल्स निघतात. ती रुंदी सलग बदलते, तिला आकड्यांच्या पायऱ्या नसतात. मॉसफेट, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक स्विच, एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, म्हणून तापतो कमी. शेवटची कॉइल आणि कपॅसिटर पल्सची सरासरी काढून स्पीकरला देतात. सिंक्लेअरचं एक्स-१० किट याच तत्त्वावर १९६४ साली बाजारात आलं होतं. तेव्हा घरातल्या ऑडिओत डिजिटल काय होतं?

वऱ्हाडी_सोल्डर
ते ठीक आहे ना भाऊ, पण नागपूरच्या बर्डी बाजारात 'खटका-विवर्धक' मागितला तर दुकानदार बटन-होल्डरच्या दुकानाकडे बोट दाखवते. लोक 'ॲम्प्ली' म्हणतात अन् 'डी क्लास बोर्ड' म्हणतात. पुस्तिका कोणासाठी लिहून राहिले?

महाल_तंबोरा
शिवाय खटका ही गाण्यातली हरकत आहे. ऑडिओच्या पुस्तिकेत 'खटका' वाचल्यावर गाणं ऐकणारा माणूस दुसराच अर्थ लावेल. 'मनात खटका' हा तिसरा अर्थ. तिन्हींच्या मुळाशी 'खट' हा आवाजच असावा, असं माझं मत.

शुद्धमती
इतके अर्थ आहेत म्हणजे शब्द जिवंत आहे. 'ॲम्प्ली' हे इंग्रजीचंही मोडकं रूप. ते छापायचं? 'विवर्धक' शाळेच्या पुस्तकात चालतो, मग पुस्तिकेत का नको?

वऱ्हाडी_सोल्डर
शाळेच्या पुस्तकाला स्पीकरची वायर जोडावी लागत नाही म्हणून.

ओहमकर
'कोरडा' की 'रुक्ष' याकडे या. हे दोन्ही एका अर्थाचे धरले तर वाक्य उलटं होईल. ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर देतानाचा त्याचा स्वतःचा रोध) कमी असला की वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, कोन सिग्नल थांबताच आवरला जातो, खर्जाला शेपूट राहत नाही. त्याला कोरडा म्हणणं ही स्तुतीसुद्धा असते. व्हॉल्व्हच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये हा इम्पीडन्स जास्त, म्हणून खर्ज थोडा घुमतो. 'रुक्ष' मात्र तक्रार आहे, आणि तिचं कारण बहुधा वरच्या पट्टीत असतं.

टीपीए३११६ या क्लास डी चिपचा साधा बोर्ड घ्या. त्यात फीडबॅक (चूक सुधारायला मागे नेलेला सिग्नल) कॉइलच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे कॉइल-कपॅसिटरच्या फिल्टरचं वागणं स्पीकरवर ठरतं. १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड धरले तर फिल्टरची कटऑफ सुमारे ६१ किलोहर्ट्झ. ८ ओहमचा स्पीकर असेल तर २० किलोहर्ट्झला अर्धा डेसिबल चढ, ४ ओहमला पाऊण डेसिबल उतार. ट्विटरचा, म्हणजे वरच्या पट्टीच्या स्पीकरचा, इम्पीडन्स वर जाऊन २० ओहम झाला तर चढ एक डेसिबलजवळ. म्हणजे एकच बोर्ड एका घरी किनरा, दुसऱ्या घरी मऊ. हायपेक्स कंपनीच्या यूसीडी, एनकोर आणि नंतरच्या प्युरिफाय मॉड्यूलमध्ये फीडबॅक फिल्टरच्या पुढून घेतात, तिथे हा प्रश्न जवळजवळ मिटला. पुस्तिकेतल्या 'आता तसं राहिलं नाही'चं मुख्य कारण हेच.

महाल_तंबोरा
'किनरा' छान. किन्नरी वीणेशी त्याचं नातं असावं. आणि मऊपणाला 'जवारी' का नाही म्हणत? तंबोऱ्याची जवारी खोलली की...

ओहमकर
नको. जवारी म्हणजे तारेतून वरचे स्वरांश मुद्दाम उठवणं. ॲम्प्लिफायरने मूळ आवाजात नसलेले स्वरांश घातले तर ते विरूपण, मग कानाला कितीही गोड लागो.

वऱ्हाडी_सोल्डर
विरूपण! आवाज 'फाटला' म्हणा ना. सारं वऱ्हाड फाटलाच म्हणते.

ओहमकर
फाटणं म्हणजे फक्त क्लिपिंग, लहरीची माथी कापली जाणं, आणि त्यासाठी तो शब्द अचूक आहे. निम्म्या तक्रारी तिथल्याच. याच बोर्डचे ५० अधिक ५० वॅट हे ४ ओहम, २१ व्होल्ट आणि १० टक्के विरूपण धरून मोजलेले. लोक १२ व्होल्टचा अडॅप्टर लावतात. मग ४ ओहमला १५ वॅटच्या आसपास आणि ८ ओहमला त्याच्या निम्म्यावरच माथी कापली जातात, आणि दोष 'डी क्लास'च्या माथी. १९ व्होल्टचा, ९० वॅटचा लॅपटॉप अडॅप्टर लावून आधी ऐका. दुसरी जागा कॉइल. ५० वॅट ४ ओहमला म्हणजे शिखराला ५ अँपियर. स्वस्त बोर्डवरची बारकी फेराइट कॉइल त्याआधीच संपृक्त होते, म्हणजे कॉइलचं काम करेनाशी होते, मग जोराच्या ठेक्यावर आवाज खरखरतो.

पण हळू आवाजातही खर वाटत असेल तर ते फाटणं नव्हे. दोन मॉसफेट एकदम चालू होऊ नयेत म्हणून मध्ये काही नॅनोसेकंद दोन्ही बंद ठेवतात, ती फट लांबली की विरूपण वाढतं. त्या फटीला, इंग्रजीतल्या 'डेड टाइम'ला, पुस्तिकेत 'मृतकाळ' लिहू नका, कृपा करून.

शुद्धमती
'संधिकाळ' लिहा. संधी म्हणजे फटही.

वऱ्हाडी_सोल्डर
मग वाचणारा दिवा लावून 'शुभं करोति' म्हणीन.

धरमपेठ_अनुवाद
'किनरा' आणि 'फाटणे' घेते. पण 'स्विचिंग'चं काय? पुस्तिकेत 'स्विचिंग पॉवर सप्लाय'ही आहे.

ओहमकर
ताई, ते दोन वेगळे ठेवा, तिथेच घोळ होतो. जुन्या पद्धतीच्या क्लास एबीला एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय, लावता येतो, क्लास डीला ट्रान्सफॉर्मरही चालतो. शिवाय पुस्तिकेत रेडिओची सूचना असेल तर बघा: या बोर्डच्या स्विचिंगची वारंवारता ६०० किलोहर्ट्झवर ठेवली तर ती आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झच्या फार जवळ येते. ४०० वर ठेवावी.

सक्करदरा_श्रोता
रेडिओचं सोडा. कूलर बंद केला की स्पीकरमध्ये 'टक' होतं, याला काय म्हणतात? एप्रिलपासून पार डोकं उठतं.

महाल_तंबोरा
त्याला खरा खटका म्हणतात.

ओहमकर
मोटरचा प्रवाह तुटताना स्विचमध्ये ठिणगी पडते, ती वायरिंगमधून ॲम्प्लिफायरपर्यंत येते. १०० ओहम अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ कपॅसिटर एकापुढे एक जोडून ती जोडी कूलरच्या स्विचला समांतर लावा, मेन बंद करून. ४०० व्होल्ट डीसी लिहिलेला साधा कपॅसिटर तिथे लावू नका, तो शॉर्ट झाला तर स्विच बंद असतानाही प्रवाह वाहत राहील आणि रेझिस्टर जळेल. अर्थिंगही पाहा. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थचा रोध वाढतो, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

सक्करदरा_श्रोता
एक्स२ बर्डीवर मिळेल का?

वऱ्हाडी_सोल्डर
मिळते. पंख्याचा कंडेन्सर देतील, तो घेऊ नका.