सरळ केलेली नदी पुन्हा वळणावर आणता येते का?

गोदाकाठ: एम.टेक.ला हायड्रॉलिक्स (पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र) घेतलंय. नदी पुनरुज्जीवन म्हटलं की आपल्याकडे दोन्ही काठांना भिंती दिसतात. इंजिनिअरने खरोखर नदी परत आणल्याचं उदाहरण आहे का?

पाणलोट: अमेरिकेत फ्लोरिडातल्या किसिमी नदीबद्दल वाच. पूर नियंत्रणासाठी 1962 ते 1971 मध्ये सुमारे 166 किमीची वळणदार नदी 90 किमीच्या कालव्यात कोंबली. पाणथळ जागा आटल्या, पाणपक्षी गेले. मग कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचे प्राध्यापक शेन यांनी प्रयोगशाळेत नदीचं मॉडेल बांधून बंधारे, भराव असे पर्याय तपासले. कालवा सलग लांबवर बुजवणं हाच उपाय ठरला. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण आधीच्या इंजिनिअरांचं काम पुसायचा सल्ला त्यांनी आकडे मांडून दिला.

गोदाकाठ: आणि फरक पडला?

पाणलोट: हो! 1999 ला भराव सुरू झाला, 2021 ला काम संपलं. जुन्या पात्राच्या तळाशी कुजका गाळ साचला होता. प्रवाह येताच तो धुपला, खाली स्वच्छ वाळू लागली, पाण्यातला प्राणवायू वाढला.

भीमथडी: पूरमैदानातल्या जमिनी मात्र सरकारला आधी विकत घ्याव्या लागल्या. प्रबंधात तेही लिही.