मदत हवी आहे : नखातील बुरशीसाठी लेझर की लेप?
माझ्या वडिलांच्या पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे व जाड झाले असून कडेने त्याचा भुगा पडतो. केओएच तपासणीत (नखाचा भुगा रसायनात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ती) बुरशी आढळली आहे. यकृताच्या जुन्या दुखण्यामुळे डॉक्टर टर्बिनाफिन या बुरशीनाशकाच्या गोळ्या टाळून ५ टक्के अमोरोल्फिनचा (हेही बुरशीनाशकच) लेप, नख घासून आठवड्यातून एकदा, लावायला सांगतात. मात्र अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला १२ ते १८ महिने लागतात, आणि तेवढा धीर वडिलांकडे (खरे तर आमच्या घरात कोणाकडेच) नाही. दुसरीकडे लेझरचा आग्रह झाला, परंतु अमेरिकेत या यंत्रांना मिळालेली मान्यता नख तात्पुरते स्वच्छ दिसण्यापुरतीच आहे. ज्यांनी लेझर करून घेतले, त्यांचे नख वर्षभरानंतर कसे राहिले, आणि सोबत लेप चालू होता का, हे कृपया कळवावे.