घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करायचीय, २० हजारात काय काय घेऊ?

सहातारी:
नमस्कार मंडळी. डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहते, गिटार शिकतेय. यामाहाची एफ३१० अकॉस्टिक आहे, तिला पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) नाही, आणि आता एक सेकंडहँड स्ट्रॅट टाइप (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक पण घेतलीय. फोनवर रेकॉर्ड केलं की अकॉस्टिक डब्यातून वाजल्यासारखी येते. इलेक्ट्रिकची केबल अडॅप्टर लावून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली तर एकदम मेलेला आवाज आणि मागे सतत घूंऽऽ. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. बजेट २० हजार, त्यात इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडायची पेटी), माइक, हेडफोन सगळं बसवायचंय, पुढे सोबत गायचंही आहे. दुकानदार म्हणाला कंडेन्सर माइकच घ्या, यूट्यूबवाले म्हणतात आधी भिंतींना फोम लावा, कुणाचं ऐकू? आणि हो, घर रेल्वेलाइनजवळ आहे.

मंद्रसप्तक:
ताई, पहिल्यांदा इंटरफेस, बाकी सगळं नंतर. तुमचा इलेक्ट्रिकचा आवाज मेला त्याचं कारण लॅपटॉपचं ते भोक. गिटारच्या पिकअपला समोर साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, लॅपटॉपचा माइक जॅक त्याच्या मानाने खूपच कमी ओहमचा, मग पिकअपवर लोड येतो आणि वरची सगळी चमक तिथेच गिळली जाते. इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झी असं बटण असतं ना, ते याच्यासाठीच. इलेक्ट्रिक लावताना ते दाबायचं, माइक लावताना नाही.

फोकसराइटच्या स्कारलेटमध्ये सोलो आणि टू-आय-टू असे दोन पर्याय बघा. सोलोला एका वेळी एकच माइक जोडता येतो, टू-आय-टूला दोन. तुम्हाला गायचंय पण, म्हणजे उद्या अकॉस्टिकला एक माइक आणि गळ्याला एक असं एकत्र घ्यायचं झालं तर टू-आय-टूच लागेल, तेव्हा थोडे पैसे जास्त जाऊ देत पण ते घ्या, हवं तर सेकंडहँड बघा. ऑड्यंट आणि स्टाइनबर्गचे पण चांगले येतात, मिळेल ते घ्या, या रेंजमध्ये आवाजात काही जमीन-अस्मानाचा फरक नाही.

हेडफोन मात्र बंद पाठीचेच, म्हणजे क्लोज्ड बॅक. उघडे घेतले तर ताल धरायला लावलेल्या क्लिकची टिकटिक माइकमध्ये जाते आणि मग ती कशानेच निघत नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स सुरुवातीला पुरतो. मुंबईला आलात तर धोबीतलावला फुर्ताडोजमध्ये जाऊन डोक्याला लावून बघा, तासभर घालून बसायचंय म्हणजे कानाला दाबत नाही ना ते कळलं पाहिजे.

रात्रीचा_रियाज:
इंटरफेसचं पटलं, पण कंडेन्सरला घाई नको असं माझं मत. कंडेन्सर फार तिखट कानाचा, लोकलचा हॉर्न, शेजारचा कुकर, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, सगळं टिपतो. शिवाय त्याला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून जाणारी वीज) लागते, ती इंटरफेसवरूनच मिळते म्हणा. एसएम५७ सारखा डायनॅमिक माइक जवळ ठेवून वाजवलं तर खोलीतला बाकीचा आवाज कमी येतो. मात्र अकॉस्टिक हळू वाजवत असशील तर त्याला गेन (इंटरफेसवर येणारा आवाज वाढवायचं बटण) बराच चढवावा लागतो आणि वरचा झगमगाट कमी मिळतो, हे मान्य. शांत वेळ मिळत असेल तर कंडेन्सर, नाहीतर डायनॅमिक, एवढाच विचार कर.

फोमला सध्या एक रुपया घालू नकोस. ते पातळ फोम फक्त वरचे आवाज खातात, खोलीचा घुमारा तसाच राहतो, आणि अंड्याचे ट्रे तर काहीच करत नाहीत. कपड्यांचं कपाट उघड, त्याच्याकडे तोंड करून बस, पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाक, खाली सतरंजी. भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटून बसू नकोस, तिथे खालचे स्वर फुगतात. पंखा बंद, फ्रीजची खोली असेल तर दार लावून घे.

आणि माइक साउंडहोलसमोर (गिटारच्या मधल्या गोल भोकासमोर) अजिबात नको! सगळे नवीन लोक तिथेच लावतात आणि मग सगळं धडधड येतं, कारण गिटारच्या पोटातली हवा तिथूनच बाहेर पडते. बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर ते फूटभर लांब, किंचित साउंडहोलकडे वळवलेला. मग हेडफोन घालून एक हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने माइक दोन-दोन बोटं सरकवत ऐक. ही दहा मिनिटं महागड्या माइकपेक्षा जास्त देतात, खरंच.

सहातारी:
बापरे, किती नीट सांगितलंत दोघांनी. आताच एक करून बघितलं, लॅपटॉपचा चार्जर काढला तर घूं निम्म्याहून कमी झाली! मग अडचण लाइटची आहे का? आणि लेटन्सी म्हणजे वाजवल्यावर उशिरा ऐकू येणं ना, त्याचं काय करायचं?

मंद्रसप्तक:
चार्जर काढल्यावर कमी झाली म्हणजे तेवढा भाग चार्जरचा आणि अर्थिंगचा. रेकॉर्ड करताना बॅटरीवर चालवा, घरातलं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. उरलेली घूं तुमच्या इलेक्ट्रिकच्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती पिकअप पकडतात. मॉनिटर आणि ट्यूबलाइटपासून लांब बसा, बसल्या जागी गिटार थोडी फिरवून बघा, एका दिशेला आवाज पडतो तिथेच थांबा. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये पिकअप निवडायचा स्विच दोन किंवा चार नंबरवर ठेवला की घूं जवळपास जाते.

लेटन्सीसाठी इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तेवढा आवाज) म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदाच्या आत, जाऊन-येऊन थोडं जास्त होतं पण हाताला जाणवत नाही. मिक्स करताना बफर १०२४ करा म्हणजे ८ जीबीवर पण अडकणार नाही. अकॉस्टिकला तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपमधून न जाता सरळ हेडफोनला आवाज) चालू केलं की प्रश्नच मिटला. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला रीपर घ्या, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. २४ बिटला रेकॉर्ड करा, सगळ्यात जोरात वाजवाल तेव्हा मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन. लाल लागू द्यायचं नाही, फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

रात्रीचा_रियाज:
अजून एक. अकॉस्टिक रुंद ऐकू यायला हवी असेल तर तोच ट्रॅक कॉपी करून डाव्या-उजव्या बाजूला टाकू नकोस, त्याने फक्त मोठा होतो. तोच भाग दोनदा वाजव, एक डावीकडे एक उजवीकडे. जाड ई तार ८२ हर्ट्झला असते, म्हणून हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचे आवाज कापणारा) ७०-८० च्या वर नेऊ नकोस, नेलास तर गिटारचं अंगच जातं. रेल्वेची घरघर त्याच्या खालची तेवढी निघेल, हॉर्नसाठी मात्र रात्री उशिरा, गाड्या कमी झाल्यावर बसायचं. कंडेन्सर घेतलासच तर पावसाळ्यात स्टँडवर उघडा सोडू नकोस, वापर झाला की सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, आपल्याकडची दमट हवा कॅप्सूलला (माइकच्या आतल्या आवाज टिपणाऱ्या भागाला) लागते.