उंचीचं म्हणाल तर सॅम मिल्स बघा
अमेरिकन फुटबॉलमधे सहा फुटाखालच्याने लाइनबॅकर (बचावफळीतला, समोरच्याला आडवा करणारा खेळाडू) व्हायचं स्वप्नच बघू नये असं म्हणतात, पण सॅम मिल्सचं काय मग? उंची ५ फूट ९ इंच, ड्राफ्टमधे (संघ नवे खेळाडू निवडतात तिथे) कोणी विचारलं नाही, क्लीव्हलंडच्या आणि टोरंटोच्या संघांनीही नारळ दिला, तेव्हा हा गडी न्यू जर्सीत शाळेत पोरांना सुतारकाम, फोटोग्राफी शिकवत होता! १९८३ ला यूएसएफएल ही नवी लीग निघाली, तिथे कोच जिम मोरांनी हेरलं आणि ८६ ला न्यू ऑर्लिन्सच्या एनएफएल (मुख्य लीग) संघाकडे जाताना सोबतच नेलं. बुटका असल्याने वाट अडवणाऱ्या धिप्पाड ब्लॉकरच्या खालून घुसायचा, उलट फायदाच की. नंतर कॅरोलायनाच्या संघात ३७ व्या वर्षी प्रो बाउल (निवडक सर्वोत्तम खेळाडूंचा सामना), २००३ ला कॅन्सर, तरी केमो घेत कोचिंग चालूच. २००५ ला गेला, हॉल ऑफ फेम (दिग्गजांना मिळणारा मान) मात्र थेट २०२२ ला, एवढा उशीर का ते निवड समितीच जाणे.