आजींच्या आडुळशावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-३०२ : आजी, मनापासून आभार 🙏 तुमच्या आडुळशाच्या रसाने यांचा कफ सुटला आणि काल रात्री घरातले सगळे झोपले. रस कसा काढायचा ते इथेच लिहाल का? सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

ए-१०१ आजी : अगं आभार कसले. बोलून टाईप करतेय, चुकलंमाकलं समजून घ्या. डागाळलेली, किडकी पानं घेऊ नका. पानं धुऊन आधी वाफवायची, कच्ची वाटलीत तर रस सुटत नाही, नुसता चोथा होतो. मऊ पडली की स्वच्छ फडक्यात घट्ट पिळायची. मोठ्या माणसाला दोन लहान चमचे, मधातून. कडूजहर लागतो, तोंड वाकडं होणारच.

सी-५०४ : आजी, आमच्या बाळाला देऊ का? आठ महिन्यांची आहे, नाक चोंदलंय. अर्धा चमचाच, मधातून?

ए-१०१ आजी : नको नको! मी मोठ्या माणसाचं सांगितलं.

डी-२०४ डॉक्टर : ताई, अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही. मधात बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात आणि तिथे विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढेनासं होतं. घरी मध उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. नाकात सलाईनचे थेंब घाला. दूध पीत नसेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

सी-५०४ : बापरे. बरं झालं विचारलं. नाही, दूध पितेय व्यवस्थित.

बी-६०१ : झालं! डॉक्टर बोलले की घरगुती औषध बाद. पूर्वजांना काही कळत नव्हतं का? निसर्गातलं आहे, त्याने अपाय होऊच शकत नाही.

डी-२०४ डॉक्टर : दादा, कण्हेरही निसर्गातलीच आहे. आणि मी आडुळसा बाद कुठे केला? गरोदर बाईने तो घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ज्येष्ठमधाचंही तसंच. घसा बसला म्हणून एखादा दिवस चघळला तर ठीक, पण ब्लड प्रेशरवाल्यांनी आठवडेच्या आठवडे घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर रस बाजूला ठेवून थुंकी तपासायची, टीबी नाही ना याची खात्री करायला.

ए-१०१ आजी : बरोबर बोलतेय ती. आमच्या आत्याबाई पान तोडायच्या आधी चौकशी करायच्या. दिवस गेलेत का, आणखी कसलं औषध चालू आहे का, खोकल्यात रक्त पडतं का. उत्तर पटलं नाही तर रिकाम्या हाताने परत पाठवायच्या. लोक रागवायचेही. आता तुम्ही आत्याबाईंचा रस तेवढा पुढे पाठवणार, चौकशी कोण पाठवणार?

बी-३०२ : 🙏🙏

सचिव : कृपया नोंद घ्यावी, उद्या टाकीची सफाई आहे, सकाळी पाणी येणार नाही. दुसरं, बागेतलं आडुळशाचं झुडूप कुणी बोडकं केलं? काल भरलेलं होतं. आज शेंड्यालाही पान नाही.

ए-४०३ सर : बहुतेक बी-३०२ च्या मेसेजचा प्रताप 😄 दादा, डॉक्टर, तुम्ही दोघं एकाच झाडाखाली उभं राहून भांडताय. आडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावर काम करताना ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि ब्रोमहेक्झिनपासून शरीरात अँब्रॉक्सॉल बनतं. कफ पातळ करणाऱ्या सिरपच्या बाटल्यांवर हीच नावं वाचायला मिळतील.

बी-६०१ : हे खरंच माहीत नव्हतं सर.

ए-४०३ सर : आजींच्या 'वाफवा' या शब्दावरून एक आठवलं. चीनच्या तू यूयू मलेरियावर औषध शोधत होत्या. छिंगहाव ही वनस्पती हाताशी होती, पण अर्काचा गुण कधी यायचा, कधी नाही. गे हाँग नावाच्या वैद्याच्या चौथ्या शतकातल्या ग्रंथात कृती सापडली : मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं त्यात नव्हतंच! उष्णतेने गुण जात असावा असं त्यांना वाटलं. कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून त्यांनी १९७१ मध्ये अर्क काढला आणि तो लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध हाती आलं, २०१५ चं नोबेलही मिळालं. नोबेलच्या व्याख्यानाला त्यांनी शीर्षकच असं दिलं की हे औषध म्हणजे पारंपरिक चिनी वैद्यकाची जगाला भेट. आभार मानायची ही रीत मला आवडते. कृतीतला शब्द न् शब्द मनावर घेतला, मग तो प्रयोगात तपासला आणि शेवटी नाव घेऊन श्रेय दिलं.

डी-२०४ डॉक्टर : आणि मात्रा मोजली, हेही लिहा सर.

ए-४०३ सर : लिहिलं समजा. आता बोडक्या झुडपाबद्दल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ९७ वं सूक्त वनस्पतींचं आहे, त्यात त्यांना माता म्हटलंय. मुळी खणणारा त्यात विनवतो की मला इजा होऊ नये आणि ज्याच्यासाठी खणतोय त्यालाही होऊ नये. हात लावायच्या आधी एवढा विचार.

ए-१०१ आजी : मला सूक्त नाही येत. एका फांदीची दोन-चारच पानं घ्यायची, शेंडा खुडायचा नाही आणि जाताना तांब्याभर पाणी घालायचं, एवढंच शिकवलं होतं.

बी-६०१ : पानं मी नेली. पिशवीभर. आता लाज वाटतेय. काय करू, सांगा.

ए-१०१ आजी : मूळ शाबूत आहे, फुटेल. तोवर जून फांदीचे वीतभर तुकडे कुंपणालगत लाव, आडुळसा फांदीवर येतो. आणि ती पिशवीभर पानं सगळी एकदम पिळू नकोस रे बाबा.

सचिव : कुंपणालगत चालेल. पार्किंगच्या बाजूला नको.